फळ्यावरचं एन्झाइम आणि दादाचं नोझल

पोळ्याच्या आदल्या रविवारी रिठदला, आमच्या गावी दादाकडे गेले होते. त्या दिवशी शेतात जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही… लिहू की नको करत तीन महिने गेले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमची शेती नावापुरतीच, पण दादाचा हात फवारणीत बसलेला, त्यामुळे सोयाबीन-तुरीच्या दिवसांत गावात ज्याला-त्याला तोच हवा असतो. गेली अठरा वर्षं त्याच्या पाठीवर पंप आहे. मी वाशिमला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, आणि मी शिकले ती त्याच पंपाच्या जोरावर.

दोन वर्षांपासून दादा बदलला होता. विहिरीत उतरून मोटार वर काढणारा माणूस, तो फोन वाजला तरी दचकायला लागला. छातीत धडधड, हाताला कंप, झोपेचं खोबरं… बाजाराच्या गर्दीत शिरला की घाम फुटायचा आणि पिशवी रिकामीच घेऊन परत यायचा.

गावातले लोक "भेकड झाला" म्हणून हसायचे. शेजारची म्हातारी वहिनीला म्हणाली, बाहेरचं काहीतरी आहे. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही, म्हणून तिला गप्प केलं आणि आम्ही फार शहाणे आहोत असं समजून बसलो.

आणि मी? मी तर शिकलेली! फोनवर ऐटीत सांगायचे… दादा, टेन्शन घेऊ नको, मोकळ्या हवेत जा, दीर्घ श्वास घे. तो बिचारा खरंच घ्यायचा. शेतातच, फवारता फवारता.

एकदा वाशिमला डॉक्टरांनाही दाखवलं होतं. झोपेच्या गोळ्या मिळाल्या. केसपेपरवर कामाच्या रकान्यात 'शेती' असं मीच लिहिलं होतं, नुसतं शेती.

तर त्या रविवारी वहिनीनं दिलेला डबा घेऊन मी शेतात गेले. दादा कमरेएवढ्या सोयाबीनमध्ये, तोंडाला दुपट्टा बांधून फवारत होता. मधेच पंपाची धार बंद पडली. त्यानं दुपट्टा खाली ओढला, नळीच्या टोकाचं नोझल काढलं, ओठांत धरलं आणि जोरात फुंकलं. बाजूला थुंकला, नोझल परत बसवलं आणि चालायला लागला.

मी ओरडलेच. "दादा! हे काय करून राह्यला तू?"

"कचरा अडकला होता ना वं. फुंकलं का साफ होते. सारेच असंच करतात."

"दिवसातून किती डाव?"

"आता ते कोन मोजते… धा-पंधरा डाव होत असीन."

मी तिथेच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसले.

शुक्रवारीच वर्गात एन्झाइम इनहिबिशन शिकवलं होतं. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते. निरोप पोचला की तो पुसून टाकायला एक एन्झाइम असतं. काही कीटकनाशकं त्या एन्झाइमलाच धरून ठेवतात, मग निरोप पुसलाच जात नाही. वर पेशींवर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस येतो, त्यांची आतून झीज होत राहते. हे सगळं मी छान आकृती काढून, रंगीत खडूनं समजावते.

माझ्या नोट्समध्ये स्वच्छ लिहिलंय… उदाहरण, काही कीटकनाशके. लक्षणं, कंप, घाम, बेचैनी, निद्रानाश. नऊ वर्षं तेच वाचते आहे. पोरींना खालून रेघ मारायला लावते, प्रश्न परीक्षेला येतो म्हणून.

दुसऱ्याच दिवशी दादाला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. या वेळी नोझलसकट सगळं सांगितलं. रक्त तपासलं, तर तेच एन्झाइम बरंच खाली आलेलं.

डॉक्टर सरळ बोलले. "भीती सगळी यामुळेच, असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण अंगात विष जातंय हे नक्की. फवारणी बंद. रक्तातलं एन्झाइम हळूहळू भरून येईल. मेंदूचं किती बिघडलं आणि किती सुधरेल, ते मोजायला माझ्याकडे काही नाही."

परवा दुसरा रिपोर्ट आला. आकडा वर आलाय, हाताचा कंपही कमी आहे. पण दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या बाईचा फोन वाजला आणि दादानं माझा हात गच्च धरला… लहानपणी शाळेच्या वाटेवर कुत्रं आलं की मी त्याचा धरायची तसा.

फोन थांबल्यावर त्यानं रिपोर्ट हातात घेतला. "हे एन्झाइमचं तू पोरायले शिकवते?"

"हो."

"किती सालापासून?"

"नऊ."

त्यानं कागदाची नीट घडी घातली. मग रागानं नाही, अगदी साधं, भाजीत मीठ घातलं का विचारावं तसं म्हणाला, "मंग मले काहून नाई सांगतलं वं?"

रिठदवरून जाणाऱ्या रिसोडच्या गाडीत त्याला बसवून दिलं, खिडकीतून त्यानं हात केला, आणि मी स्टँडवर उभी राहून ढसाढसा रडले.

तुमच्या घरातलं कोणी पंप पाठीवर घेत असेल तर आजच त्याला फोन करा. हातमोजे, मास्क, अंघोळ हे सगळं सांगाच, पण आधी एवढं सांगा की नोझल तोंडाला लावू नको, जुन्या टूथब्रशनं साफ होतं.

एवढंच वाक्य आहे. मी नऊ वर्षं ते सगळ्या वर्गाला सांगितल्यासारखं केलं, आणि ज्यानं मला शिकवलं त्याला सांगायचं राहिलं…