माग पोरांचा

नव्या साडीच्या खळीचा वास आला की इंदापूरच्या घरातली ती दुपार आठवते आणि डोकं तापतं. मला बघायला बारामतीहून आमच्याच खत्री विणकर समाजातली माणसं आली होती. पोहे झाल्यावर मुलाच्या आईनं पर्समधून रेशमाचा तुटका धागा काढला. "विणकराची पोर ना तू? सांधून दाखव." वडील फुशारकीनं म्हणाले, "दाखव की, रक्तातच हाय आपल्या!" रक्तात! मागावर बसू द्या म्हणून मी रडले होते, तेव्हा हेच वडील म्हणाले होते, "पोरींनी धाग्याच्या कांड्या भरायच्या, माग पोरांचा." भाऊ मागावर कधी बसलाच नाही, शेवटी तो माग भंगारात गेला. मी धागा असा सांधला की गाठ शोधून सापडेना. बाई खूश झाल्या. मग मी तोच धागा दातानं तोडला आणि मुलापुढं धरला, "आता तुमी सांधा." तो आईकडं बघत बसला. पाहुणे उठून गेल्यावर वडील ओरडले, "नाक कापलंस आमचं!" आज माझ्या घरात माझा स्वतःचा माग आहे. वडील माझ्याकडं आले की येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवतात आणि सांगतात, "पोरीच्या रक्तातच हाय." माझ्या दातांखाली तो धागा अजून करकरतो.