तीन हजार वर्षांचं कापड

परळात त्या काळी दोन गोष्टींपुढे कुणाचं काही चालत नसे. एक गिरणीचा भोंगा आणि दुसरा आमच्या शेजारच्या काकांचा अंगठा. काका गिरणीत कापड तपासायला होते. ताग्यातला डाग, तुटलेला धागा, विरळ वीण हे सगळं त्यांना लगेच कळे, आणि ही विद्या गिरणीत ठेवून घरी यायची त्यांना सवय नव्हती. लग्नाला गेले की अक्षता टाकण्याआधी नवरीच्या शालूचा पदर चिमटीत धरत, त्यावरून अंगठा फिरवत आणि "आडवा धागा हलका आहे," असं तिच्या बापाला शांतपणे सांगत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात ते सगळ्यांत पुढे असत, पण घोषणा लिहिलेलं कापड त्यांना कधी पसंत पडलं नाही. "मुंबई आमची म्हणता आणि फडकं हे असलं लावता? वाचणाऱ्याला खरं कसं वाटायचं?" असं त्यांनी पुढाऱ्याला भर रस्त्यात विचारलं होतं. एकदा पाठीत पोलिसाची लाठी बसली, तर फुटपाथवर बसून पाठ चोळत मला म्हणाले, "मारणाऱ्याच्या चड्डीचं ड्रिल कापड आपल्या गिरणीचं होतं रे. चांगलं टिकलंय."

मी नुकताच फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून झालो होतो. तिथल्या म्युझियममध्ये मिसर देशातल्या जुन्या वस्तू मांडल्या आहेत, असं मी एका संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बोलता बोलता सांगितलं. त्यात मेलेल्या माणसाला गुंडाळलेलं तीन हजार वर्षांपूर्वीचं कापड आहे म्हटल्यावर काकांनी हातातली विडी विझवली. "तीन हजार? आमचा लाँगक्लॉथ तीन वर्षं टिकत नाही. रविवारी जाऊ." रविवारी ते परीटघडीचं धोतर, काळा कोट आणि टोपी अशा थाटात ट्राममध्ये बसले, जणू मुलगी बघायलाच निघाले होते.

आत दगडी मांजरं होती, निळे मणी होते, सोनेरी मुखवटे होते. काकांनी कशाकडेही पाहिलं नाही. थेट ममीच्या पेटीपाशी गेले आणि काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "पट्टीची कड कशी आहे रे?"

मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. "एका बाजूला किनार आहे. दुसरी फाटल्यासारखी."

"फाटल्यासारखी की फाडल्यासारखी?"

"फाडल्यासारखी. सरळ आहे."

"आणि मध्ये कुठे रफू?"

होता. गुडघ्यापाशी, तळहाताएवढा. मला तो चार हातांवरून दिसत होता आणि काचेला चिकटलेले काका मला विचारत होते. वर्षभर ते रोजचं वर्तमानपत्र माझ्याकडून का वाचून घेत होते, ते मला तेव्हा उमगलं.

एव्हाना म्युझियमचे एक अधिकारी शेजारी येऊन उभे राहिले होते. काका त्यांच्याकडे वळले. "साहेब, हे कापड मढ्यासाठी विणलेलं नाही. ही घरातली चादर. वर्षानुवर्षं कुणीतरी अंगावर घेतली, विरली तेव्हा बाईने रफू केली आणि माणूस गेल्यावर तीच फाडून त्याला गुंडाळली. नव्या कापडाला रफू कशाला लागेल?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "ग्रंथांतही असंच सांगितलंय. आपण हे कुठे शिकलात?"

"परळला," काका म्हणाले.

बाहेर रस्ता ओलांडताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रफू बारीक होता ना?"

"फार बारीक."

"तुला कळलेलं दिसतंय," ते म्हणाले. "डोळ्याची नस सुकत चाललीय. डॉक्टर म्हणतो, इलाज नाही. गिरणीत बोटांवर निभावतो रे झिला, पण काचेआड बोट जात नाही."

मी कुणाजवळ बोललो नाही. बोटांवर त्यांनी आणखी दोन वर्षं सहज काढली असती. पण महिन्याभरातच ते आपणहून मॅनेजरपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या हातून आता वाईट माल बाहेर जाईल. मला मोकळं करा." काकी आधीच गावी होत्या. त्यांच्याकडे, कोकणात जायचं ठरलं.

मी त्यांना पोचवायला भाऊच्या धक्क्यावर गेलो. बोट सुटली तसे काका कठड्याशी येऊन हात हलवू लागले, तोंडभर हसत, मात्र मी उभा होतो तिथून बरंच डावीकडे बघत. तिथे एक हमाल बोचकी रचत होता. मी गर्दीतून वाट काढत धावलो, त्या हमालाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत तिथूनच हात हलवत राहिलो.