आठवं पिस्तूल

इंग्लंडमध्ये, रीडिंग गावातल्या आमच्या घरात आठ पिस्तुलं आहेत, हे मी पहिल्या भेटीत कुणाला सांगत नाही. माणसं चहाचा कप खाली ठेवून दाराकडे बघायला लागतात. मग मला घाईघाईने सांगावं लागतं की या देशात चालतं पिस्तूल घरात ठेवायची सोयच नाही. ही सगळी निकामी केलेली, नळीत पोलाद ठोकलेली, सर्टिफिकेटसकट आलेली म्हातारी आहेत. नवऱ्याचं ठरलेलं वाक्य असतं, "बाकीच्या बायका साड्या जमवतात, आमच्याकडे दारूगोळा आहे." दारूगोळा नाही, हे त्याला शंभरदा सांगून झालं आहे.

माझे बाबा नागपूरला पोलिसांत आर्मोरर होते. हत्यारं ठेवतात त्या खोलीला तिकडे कोत म्हणतात. बाबांची सगळी नोकरी त्या कोतमध्ये गेली. त्यांनी कधी कुणावर गोळी झाडली नाही. दुसऱ्यांनी घाण करून आणलेली हत्यारं ते साफ करायचे. संध्याकाळी घरी आले की हात साबणाने दोनदा धुवायचे, तरी पोळीचा तुकडा मोडताना तेलाचा वास यायचाच. मला तो वास आवडायचा, आईला अजिबात नाही.

खंडेनवमीला हेडक्वार्टरच्या मैदानावर हत्यारांची पूजा व्हायची आणि त्या दिवशी घरच्या मंडळींना आत सोडायचे. मी नऊ वर्षांची होते. बाबांनी टेबलावरचं एक पिस्तूल उचललं, त्याची वरची स्लाइड मागे खेचली, आत डोकावून पाहिलं आणि ते माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिलं. भाऊ सहा वर्षांचा होता, त्याला ते पेलवेनाही. मी दोन्ही हात पुढे केले. बाबा म्हणाले, "तुले काय करायचं आहे? आईजवळ जाय." झालं एवढंच. रागावून म्हणाले नाहीत, सहज म्हणाले. त्या सहजपणाचा राग मला अजून येतो. भाऊ आता पुण्याला बँकेत आहे आणि त्याला तो प्रसंग आठवतही नाही.

इथे आल्यावर, पगार जरा बरा झाल्यावर, मी पहिलं पिस्तूल घेतलं. लोक विचारतात की कसं निवडतेस. मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते, त्याच खवचटपणाने पिस्तूल तपासते. फ्रेमवरचा, स्लाइडवरचा आणि नळीवरचा नंबर एकच आहे का? कोरलेल्या अक्षरांच्या कडा धारदार आहेत की बोथट? बोथट असतील तर कुणीतरी घासून पुसून नवा निळा मुलामा चढवलाय, मग ते कितीही चमको. मुठीच्या लाकडावरची नक्षी जिथे हात लागतो तिथेच झिजायला हवी. सगळीकडे सारखी झिजली असेल तर ती मुद्दाम झिजवलेली. मला झिजलेलंच आवडतं, पण खरं झिजलेलं.

पहिल्याच दसऱ्याला मी घोडचूक केली. खंडेनवमीला पाटावर पिस्तूल मांडलं, झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटमधली शेवंती वाहिली, आणि ओल्या बोटाने हळद-कुंकू थेट स्लाइडवर लावलं. दोन दिवस तसंच राहू दिलं. पुसलं तेव्हा निळ्या मुलाम्यावर दोन तांबूस डाग उठले होते, बोटाच्या आकाराचे. फोनवर बाबांना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला.

"लोखंडाला कुंकू लावते का कोणी? पान ठेवाचं वर, पानाला लावाचं. आधी तेल, मग देव."

लहानपणी बायकांच्या घोळक्यातून मला फक्त लाल ठिपके दिसले होते. खालचं पान दिसायला जवळ जावं लागलं असतं.

डाग घेऊन मी एका रविवारी सकाळी जुन्या लष्करी वस्तूंच्या बाजारात गेले. एका क्रीडा केंद्राच्या हॉलमध्ये तो भरतो. टोप्या, बिल्ले, पदकं, आणि सगळीकडे पुरुष. एका टेबलामागे एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ बसले होते, आयुष्यभर कारखान्यात अवजारं आणि साचे घडवलेले. त्यांनी चष्मा वर करून डाग पाहिला आणि कशाने पडला ते विचारलं. मी म्हटलं, पूजा केली. ते हसले नाहीत. बारीक तारेच्या लोकरीला तेल लावून हलक्या हाताने घासायला सांगितलं, आणि पुन्हा मुलामा मात्र चढवू नकोस म्हणाले. डाग फिका झाला, पूर्ण गेला नाही.

त्यांच्याकडे येणं-जाणं सुरू झालं. रीडिंगहून बसने पाऊण तासावरच्या खेड्यात ते एकटे राहायचे. तिथे त्यांच्या कपाटात मला ते दिसलं. नऊ मिलिमीटरचं, तेरा गोळ्यांच्या मॅगझिनचं, दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेलं. आपल्याकडच्या कारखान्यात पुढे याचीच नक्कल झाली. त्या दिवशी मैदानावर भावाच्या हातात दिलं होतं ते याचंच भावंड.

आणि त्याची स्लाइड हलत होती. फार पूर्वीच्या नियमांनी निकामी केलेलं असल्यामुळे नळी बंद होती, पण बाकी सगळं चालायचं. त्यांनी ती खेचून सोडली. तो आवाज मी छत्तीस-सदतीस वर्षांत ऐकला नव्हता. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले, आणि बाहेर येऊन सांगितलं की तहान लागली होती.

घोळ असा होता की ज्याच्याकडे असं जुनं पिस्तूल आहे त्याने ते आपल्यापाशी ठेवलं तर चालतं. पण विकायचं किंवा कुणाला द्यायचं तर आधी नव्या नियमाने स्लाइडसुद्धा वेल्ड करून घ्यावी लागते. म्हणजे माझ्याकडे येईल तेव्हा ते मुकं होऊन येणार. मी म्हटलं, राहू दे तुमच्याकडेच. पण पुढच्या वसंतात त्यांनी सांगितलं की ते मुलीकडे राहायला जाताहेत, आणि मुलीला घरात हे काही नको आहे. जूनमध्ये कपाट रिकामं करायचं होतं, तेव्हा ते मुकं होऊन माझ्याकडे येणार होतं.

मी बाबांना फोन केला. "बाबा, तुम्ही मे महिन्यात या."

"एप्रिल-मेमध्ये कूलर सोडून कोणी जाते का? हं, तिकडे थंड असते म्हणा. येतो."

कशासाठी बोलावतेय ते मी सांगितलं नाही. मला नक्की काय हवं होतं ते मला माहीत होतं, आणि या वयात ते तोंडाने मागायची लाज वाटत होती. हातात द्या, एवढंच हवं होतं.

बाबा आले. दुसऱ्याच दिवशी मी माझी सात पिस्तुलं त्यांच्यापुढे चादरीवर मांडली. त्यांनी पहिलं उचललं, तोंड जमिनीकडे केलं आणि सवयीने स्लाइड खेचली. हलली नाही. दुसरं उचललं, हलली नाही. सातही झाली. बाबांनी ती पुन्हा होती तशी ओळीत ठेवली, एक वाकडं लागलं होतं ते सरळ केलं, आणि म्हणाले, "चांगली ठेवली आहेत." कुणाच्या घरी आजारी माणसाला बघून आल्यावर बोलतात त्या आवाजात. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला चीड आली.

शनिवारी त्यांना बसने त्या गृहस्थांकडे नेलं. बाबांचं इंग्रजी पंधरा-वीस शब्दांचं आणि सगळे शब्द कोतमधले. त्यांना तेवढे पुरले. दोघं म्हातारे टेबलावर जुनी चादर टाकून समोरासमोर बसले आणि तासभर मी तिथे आहे हेच विसरले. "स्प्रिंग," बाबा म्हणायचे. "न्यू?" ते गृहस्थ मान हलवायचे. बाबांनी न बघता पिस्तूल उघडलं, पुसलं, जोडलं. त्यांची बोटं हल्ली शर्टाचं बटण लावताना थरथरायची. तिथे थरथरली नाहीत. ती बोटं परत अशी दिसणार नाहीत असं मला वाटलं, आणि तसंच झालं. बाबांना जाऊन आता तीन वर्षं होतील.

जोडून झाल्यावर बाबा उठले. मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं, स्लाइड मागे ओढून अडकवली. ते पिस्तूल मालकाला परत देणार, म्हणून मी बाजूला सरकले. पण ते गृहस्थ चहा टाकायला आत गेले होते आणि खोलीत मीच होते. बाबांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले आणि पिस्तूल पुढे केलं. मूठ माझ्याकडे, तोंड जमिनीकडे.

मी हात पुढे केला. त्यांनी सोडलं नाही.

"चेंबर पाह ना. माझ्या तोंडाकडे काय पाहून राहिली?"

मी उघड्या चेंबरमध्ये पाहिलं. आत पोलादाचा बोळा चकाकत होता.

"घेणाऱ्यानं आधी पाहाचं, मग 'खाली' म्हणाचं, म्हणजे रिकामं आहे. तोवर देणारा सोडत नाही. इतकी वर्षं पिस्तुलं जमवते, कोणी शिकवलं नाही का?"

"नाही शिकवलं," मी म्हटलं.

बाबांना काय आठवलं, काही आठवलं की नाही, मला कळलं नाही. पिस्तूल आमच्या दोघांच्या हातात होतं.

"खाली," मी म्हटलं.

"कोतमध्ये असं पुटपुटत नाही. जोरात."

"खाली!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की स्वयंपाकघरातून ते गृहस्थ काय झालं म्हणून धावत दारात आले. बाबांनी पिस्तूल सोडलं. ते चांगलंच जड होतं, तेलाने ओशट, बाबांच्या हाताने कोमट झालेलं, आणि मी सत्तेचाळीस वर्षांची होते.