व्हर्लिनकडे अडकलेली भांडी

दगडालाही एक वेळ पाझर फुटेल, पण माझ्या थोरल्या भावाच्या, व्हर्लिनच्या तोंडून आभाराचा शब्द निघायचा नाही. जन्म मिनेसोटाच्या थंडीत ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेला. कुणाचं काही घेणं म्हणजे त्याला कमीपणा. लोकांशी गोड बोलायचं खातं त्याची बायको लव्हॉन सांभाळायची.

ऑक्टोबरात लव्हॉन गेली. गावातल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे खिमा-बटाटे भाजून काचेच्या भांड्यांतून आणून दिले. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर नाव. नंतर भांडं पोचतं करायचं, रिकामं न्यायचं नाही, दोन शब्द बोलायचे, एवढंच. व्हर्लिननं खाल्लं आणि भांडी पडवीत रचून ठेवली. नाताळ सरला तरी ती तिथंच.

मी दर रविवारी जायचे. पडदे ओढलेले, हा खुर्चीत. फोन वाजला तरी उचलायचा नाही. हळूहळू बायका यायच्या थांबल्या. चर्चमध्ये मला गाठून म्हणायच्या, "आर्डिस, माझं भांडं तेवढं बघ गं." मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. संताप यायचा आणि भीतीही वाटायची, की हा असाच एकटा कुढत मरणार.

एका रविवारी माझा तोल सुटला. "भांडी परत कर! लोकांनी जेवू घातलंय तुला."

"मी मागितलं होतं का?"

"नव्हतं मागितलंस. म्हणूनच आभार मानायचे असतात, मूर्खा!"

दार आपटून मी निघून आले.

त्यानं मनावर घेतलं, पण कसं? सगळी भांडी कढत साबणाच्या पाण्यात बुडवली आणि पट्ट्या खरवडून काढल्या. वर फोन करून मला ऐटीत सांगतो, "आरशासारखी लख्ख केलीत."

"अरे शहाण्या, नावं गेली ना!"

त्यानं फोन ठेवून दिला.

मग काय, हा भांडी घेऊन दारोदार. "हे तुमचं का?" प्रत्येक घरी कॉफी, केक, बसा हो. ज्यांनी काहीच दिलं नव्हतं, त्यांचेही आभार मानून झाले. संध्याकाळी मला फोनवर कुरकुर ऐकवायचा, "लोक बोलून बोलून जीव घेतात." पण फोन करायचा.

शेवटी कान तुटलेलं एक भांडं उरलं. कुणीच आपलं म्हणेना. शेजारच्या डेलोरेसनं ते फिरवून पाहिलं. "व्हर्लिन, हे लव्हॉनचं. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती यातून जेवण घेऊन आली होती. तिच्या दफनाच्या दिवशी मी ते भरून परत केलं."

त्या दिवशी पहिला घास त्यानं त्यातलाच खाल्ला होता, आणि माझ्यादेखत मीठ कमी म्हणून तोंड वाकडं केलं होतं. घरचं भांडं ओळखलं नाही. स्वयंपाकघरात कधी पाय ठेवला असता तर ना! डेलोरेस सांगते, तो उभ्याउभ्या रडला. दफनाच्या वेळीही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी निघतेय, तोच हा माझ्या दारात. हातात ते भांडं, आत करपलेले बटाटे. बुडाशी नवी पट्टी, वेड्यावाकड्या अक्षरात: लव्हॉन.

"इतके रविवार आलीस," तो म्हणाला. घसा खाकरला. "आभारी आहे, आर्डिस."

मी भांडं हातात घेतलं. तो पायऱ्या उतरला आणि वळून म्हणाला, "भांडं परत दे हं. रिकामं नको."