हळदीचा हात

“कोनी सांगितलं गं तुला?” लग्नघरात कुणी शास्त्र काढलं की आमची धवलारीण कमरेवर हात ठेवून असं विचारायची. उत्तर ऐकायला ती थांबत नसे.

धवले म्हणजे लग्नाची गाणी. आमच्याकडच्या भातशेतीच्या गावांत ती गाऊनच लग्न लावायची, भटजीवाचून काही अडत नसे. तुमच्याही गावात अशी एखादी फटकळ म्हातारी असेल, जिच्या तोंडाला सगळे भितात आणि जिच्यावाचून कुणाचं चालत नाही.

नवरीला हळद का लावतात, असं मी लहानपणी तिला विचारलं होतं. “इळ्यानं हात कापल्यात, चिखलानं पाय भेगाळल्यात. पोरीला बरी करून धाडायची, म्हनून हळद. शकुन-बिकुन मागनं चिकटवला रिकामटेकड्यांनी.” खरंखोटं देव जाणे, मला मात्र ते पटलं.

माझ्या लग्नात हळदीवरूनच भडका उडाला. वडील आधीच गेले होते. थोरले चुलते भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला, त्यामुळे घरात त्यांचाच शब्द. चुलतीने सवाष्णी बसवल्या आणि माझ्या आईला मागल्या पडवीत भांड्यांपाशी धाडलं. जिने एकटीने लावणी-कापणी करून मला वाढवलं, तिचा हात म्हणे अपशकुनी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण नवरीने तोंड उघडायचं नसतं.

धवलारणीने गाणं मधेच तोडलं. “हिची आय कुटं हाय?”

“मावशे, विधवेचा हात कसा चालंल?” चुलती म्हणाली.

“मंग मी कोन हाय? माजं कुकू पुसलं तवा तू परकर नेसत व्हतीस. तुज्या लग्नात मीच गायले. माजं तोंड चालतं, न्‌ हिचा हात चालत नाय?”

तिने हळदीची वाटी उचलली आणि मला ओढत पडवीत नेलं. आई मागे सरकली. “नको गं मावशे, पोरीचं वायट झालं तर?”

त्या क्षणी मला आईचाही राग आला. म्हातारीने तिचं मनगट धरलं, बोटं हळदीत बुडवली आणि माझ्या गालाला लावली.

चुलत्यांनी डूख धरला. त्यांच्या मुलीच्या लग्नाला नेरळहून भटजी आला, लाउडस्पीकर आला. मग गावाने तीच री ओढली. जिने अर्ध्या गावाची लग्नं लावली तिला कुणी साधं जेवायलाही बोलावलं नाही. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

चुलत बहिणीच्या त्या लग्नासाठी मी माहेरी आले होते. धवलारीण आपल्या ओट्यावर सुकट निवडत बसली होती आणि शेजारी माझी आई. चुलती तिथवर आली. “अगं, भांडी पडल्यात, चल.”

आई मान वर न करताच म्हणाली,

“तुमच्या सवाष्णींना सांगा घासायला.”

म्हातारीने सुकटीचं सूप आईकडे सरकवलं.