धवलारणीची वेबसाइट

पनवेलला उरण नाक्याकडून बाजाराकडे वळलं की एका गल्लीत छोटीशी खोली होती आणि तिच्यावर निळी पाटी, 'किशोरी सायबर कॅफे'. दोन हजार सालाच्या पुढेमागे ज्यांचं कॉलेज झालं त्यांना ती खोली अजून आठवते. कुणी बारावीचा निकाल तिथे पाहिला, कुणी आयुष्यातला पहिला ई-मेल तिथून धाडला आणि तो पोचला का म्हणून तिकडे फोन करून विचारलं. इंटरनेट जोडताना मोडेम असा काही किंचाळायचा की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायचा. लाकडी फळ्यांच्या आडोशात बसून लोक तासाच्या हिशोबाने जग बघत.

किशोरी घरत करंजाड्याची सून. घर आगरी. पूर्वी भातशेती आणि खाडीकडेला मिठागर, पुढे जमीन नव्या शहरात गेली आणि घरातली माणसं नोकरीधंद्याला लागली. नवरा, प्रणित, बंदरात क्रेनवर होता. किशोरी लग्नाआधी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. लग्नानंतर वर्षभर ती घरीच राहिली, तेव्हा सासूच म्हणाली की शिकलेलं असं घरात ठेवून त्याला बुरशी येईल. म्हणून ही खोली.

काही वर्षांनी कॅफेत वेगळेच लोक येऊ लागले. हार्डवेअरवाले, मिठाईवाले, क्लासवाले. प्रत्येकाला वेबसाइट हवी होती, आणि ती कशासाठी हे मात्र धड कुणालाच सांगता येत नव्हतं. पान उघडल्याबरोबर सनई वाजली पाहिजे, अक्षरं गरगर फिरली पाहिजेत, एवढं नक्की. फोटो स्टुडिओवाल्या मिथुनला तर पहिल्याच पानावर बर्फाचे डोंगर हवे होते.

"मिथुनभाऊ, तुमच्याकडे गिऱ्हाईक कशाला येतं?" किशोरीने विचारलं.

"पासपोर्ट फोटोला. नाहीतर बारशाला, साखरपुड्याला."

"मग बर्फ कशाला?"

डोंगर गेले आणि तिथे मिथुनच्या दुकानाचा, दारातल्या बाकड्यासकट फोटो आला. किशोरीची पद्धत ठरलेली. वेबसाइट करण्याआधी ती त्या दुकानात एक दुपार स्टुलावर बसून राहायची. येणारं माणूस काय विचारतं ते ऐकायची. जे सगळ्यात जास्त विचारलं जातं, ते पानावर सगळ्यात वर. फोन नंबर मोठ्या अक्षरात. पत्ता लोक सांगतात तसा, म्हणजे कुठल्या नाक्यावर, कशाच्या समोर. आणि वेबसाइटचं नाव मालकाच्याच नावावर घ्यायचं, पासवर्ड मालकाच्याच हातात. दुकानाची किल्ली रंगाऱ्याकडे ठेवून कुणी घरी जातं का, असं ती सगळ्यांना विचारायची.

अशीच एक दुपार तिने काशीराम मांडववाल्याच्या वखारीत काढली. काशीराम करंजाड्याचाच, नात्यात दीर लागायचा. त्याला झुंबरांचे आणि सिंहासनांचे फोटो टाकायचे होते. किशोरी गाद्यांच्या थप्पीला टेकून बसली. फोन येत होते, माणसं येत होती, आणि झुंबराचं कुणी नावही काढत नव्हतं. लोक विचारत होते की धवलारीण आहे का कुणी ओळखीची.

आगऱ्याकोळ्यांच्या लग्नात धवलारीण लागतेच. हळदीपासून सगळे विधी तिच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नगीतांवर चालतात. गावात ती कुठे राहते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. पण आता गावं पसरली होती. कुणी खारघरला टॉवरमध्ये राहायला गेलं, कुणी कामोठ्याला. लग्न हॉलमध्ये, आणि धवलारीण कुठून आणायची हे घरात कुणाला माहीत नाही.

"दादा, वर धवलारीण टाकू या. झुंबरं खाली," किशोरी म्हणाली.

काशीरामला ते पटलं नाही, पण वहिनीशी वाद कोण घालणार. त्याने गोदूबाईंचं नाव सुचवलं.

गोदूबाई साठीच्या पुढच्या. अंगाने वाळकुड्या, कपाळावर मोठं गोंदण, आवाज मात्र असा की उघड्यावर गायल्या तरी मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचावा. किशोरीने फोटोचा विषय काढताच त्यांनी हात झाडला.

"माजा थोबाड बगून कोन बोलवील? माजा आवाज हाय."

हे किशोरीला मनापासून पटलं. एका सकाळी तिने गोदूबाईंना कॅफेत आणलं, पंखे बंद केले आणि माइक पुढे ठेवला. गोदूबाईंनी पदर सावरला, पण सुरुवात करेनात. काय झालं विचारल्यावर म्हणाल्या की नवरीचं नाव सांग, नावाशिवाय धवला कसा उठेल. किशोरीला पटकन आपल्या नणंदेचं नाव सुचलं. मैना.

मग गोदूबाईंनी डोळे मिटले. मैनेला हळद चढते आहे, मैनेची आई ओटीत तांदूळ घेऊन उभी आहे, मैनेचा बाप मांडवाच्या दारात रडू कुणाला दिसू नये म्हणून तोंड फिरवतो आहे. आडोशातली पोरं आपापले कॉम्प्युटर सोडून बाहेर आली. गाणं संपलं तरी पंखे लावायचं कुणाला सुचलं नाही. किशोरीला स्वतःचा मांडव आठवला. त्या दिवशी तिच्याही बापाने असंच तोंड फिरवलं होतं, आणि तिला वाटलं होतं की तो रागावलाय.

दोन मिनिटांचा तो तुकडा वेबसाइटवर चढला आणि फोन सुरू झाले. खारघर, बेलपाडा, उलवे, उरण. एक बाई तर मस्कतहून बोलली, तिच्या मुलीचं लग्न गावी व्हायचं होतं. गोदूबाईंनी मोबाइल घेतला, तो गळ्यात दोरीने अडकवला आणि हिरवं बटण कुठलं ते किशोरीकडून शिकल्या. फोन उचलला की पहिला प्रश्न, "कोनची तू? गाव कोनचा?" सुपारी मागाहून. आधी माणसाची मुळं लागली पाहिजेत.

तीन-चार हंगाम असे छान गेले. मग फोन कमी झाले. किशोरीला वाटलं, मुहूर्त कमी असतील.

एकदा ती आणि प्रणित खारघरला एका हळदीला गेले. नवरी प्रणितच्या मित्राची बहीण, नाव रमा. किशोरी हॉलच्या पायऱ्या चढत होती तोच गोदूबाईंचा आवाज कानावर आला. ती हरखून भराभरा वर गेली. बघते तर स्टेजपाशी दोन भलेमोठे स्पीकर, त्यांच्यामागे डीजेवाला, आणि गोदूबाई कुठेच नाहीत. नवरी पाटावर बसली होती, बायका तिला हळद लावत होत्या, आणि स्पीकर म्हणत होता, मैनेला हळद चढते. तुकडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. हे नाव कुणाचं असं एका म्हातारीने विचारलं, तर कुणीतरी सांगितलं की असू दे, कॉम्प्युटरचं गाणं आहे.

किशोरी जेवली नाही. प्रणितने तिची समजूत काढली. दुसऱ्या दिवशी ती गोदूबाईंकडे गेली. त्या अंगणात जवळा वाळत घालत होत्या. किशोरीने सगळं सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं. गेल्या हंगामापासूनच ठाऊक होतं, पण सांगून तुझा जीव कशाला खायचा, म्हणाल्या.

"गाना वाजू दे गो," त्या म्हणाल्या. "पन त्या पोरीचा नाव कुनीच नाय घेतला. हलद लागली आन तिचा नाव नाय."

घरी परतताना किशोरीच्या मनातून ते वाक्य हललं नाही. कॅफेत येऊन तिने तो तुकडा काढून टाकला. त्याजागी चारच सेकंदांचा सूर ठेवला आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तुमच्या मुलीचं आणि तुमच्या गावाचं नाव घेऊन धवला गायला गोदूबाई स्वतः येतात.' काशीरामलाही तिने सांगितलं की मांडव ठरवायला कोणी आलं की हे तोंडाने सांगायचं. जुना तुकडा मोबाइलमोबाइलमधून फिरतच राहिला, तो काही परत गोळा होणार नव्हता. पण काही घरं परत आली. रमाच्या आईनेच धाकटीच्या लग्नाला गोदूबाईंना बोलावलं.

तरी एक प्रश्न उरलाच. गोदूबाईंना आता दम लागायचा. एका दिवशी दोन हळदी आल्या की एक सोडावी लागे, आणि सोडलेल्या ठिकाणी स्पीकर जाऊन बसे. एवढ्यात काशीरामची मुलगी, तिचं नाव पूर्वी, कॉलेज संपवून घरी बसली होती. तिचा गळा बरा होता. किशोरीने विषय काढला तेव्हा काशीराम म्हणाला की पदवी घेऊन पोरगी धवलारीण होणार का. पूर्वीने रविवारी दुपारी सरळ कॅफेची वाट धरली. पाठोपाठ बेलपाड्याची एक लग्न झालेली मुलगी आली, मग तिची जाऊ.

तोवर लोकांच्या हातात मोठे फोन आले होते आणि कॅफेत गिऱ्हाईक उरलं नव्हतं. फळ्यांचे आडोसे किशोरीने काढून टाकले, कॉम्प्युटर भिंतीशी सरकवले, मध्ये चटई घातली. गोदूबाई भिंतीला टेकून बसत आणि एकेक कडवं मुलींकडून घोकून घेत. कुणी रेकॉर्ड करायला मोबाइल काढला की म्हणत, "ठेव तो. पयलं तोंडात येऊ दे." शेजारच्या शिंप्याने मशीनची दिशा बदलली होती. तोंड गल्लीकडे होतं ते कॅफेकडे केलं.

पुढे भाडं परवडेना तेव्हा किशोरीने खोली सोडली. निळी पाटी उतरवताना तिला रडू येईल असं प्रणितला वाटलं होतं. ते आलं नाही. रडू आलं ते आठवड्याने, रविवारी दुपारी, घरात सगळं शांत असताना. मग तिने पूर्वीला फोन केला आणि सगळ्यांना घरीच बोलावून घेतलं.

आता ती करंजाड्याच्या घरातूनच दुकानदारांना सल्ला देते. नकाशावर दुकान कसं दाखवायचं, वाईट अभिप्रायाला उत्तर कसं द्यायचं, असले नवे प्रश्न असतात. वेबसाइटवर शिळी माहिती ठेवू नका, बंद झालेली गोष्ट लगेच काढा, हे ती प्रत्येकाला बजावते. स्वतः मात्र पाळत नाही. गोदूबाई दोन वर्षांपासून हळदीला जात नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. त्यांचं नाव किशोरीने पानावर तसंच ठेवलंय. फोन आला की ती सांगते की गोदूबाई आता येत नाहीत, त्यांनी शिकवलेली पूर्वी येईल. मग पेन उचलते आणि विचारते, "मुलीचं नाव काय म्हणालात? आणि गाव?"