टेलरमास्तरांचं वाचन

पुस्तक उसनं देणारी माणसं स्वभावानं फार चांगली असतात, आणि सगळी पंचाईत तिथंच आहे. वाईट माणसाला तोंडावर नाही म्हणता येतं. पण कुणी पिशवीतून जपून पुस्तक काढतं, त्यावरून हात फिरवतं आणि "वाचाच तुम्ही, मग आपण बोलू" म्हणतं, तेव्हा नाही म्हणायला दगडाचं काळीज लागतं. टेलरमास्तरांकडे ते नव्हतं. त्यांच्याकडे एक शिलाई मशीन होतं, कापायचं एक टेबल, एक जड इस्त्री आणि कुणालाच नाही न म्हणण्याची तीस वर्षांची सवय.

सगळं सुरू झालं ते एका जाडजूड ग्रंथामुळे. कुणी गिऱ्हाईक तो टेबलावर विसरून गेलं आणि परत न्यायला आलंच नाही. मास्तरांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग त्याला कामाला लावलं. कॉलरला बकरमचं ताठ अस्तर चिकटवलं की वर तो ग्रंथ ठेवायचा. तासाभरात कॉलर सपाट. कापडावर ठेवून आखायचे कागदी साचेही त्याच्याच पानांत. एक दिवस असाच एक साचा शोधत ते पानं चाळत होते, चष्मा नाकावर, कपाळाला आठ्या, आणि नेमकी तेव्हाच ड्रायव्हरची बायको दुकानात आली.

ड्रायव्हर लांब पल्ल्याच्या बसवर होते. चार दिवस बाहेर, दोन दिवस घरी. त्यांच्या वर्दीचे दोन निळे शर्ट घेऊन ती आली होती, कॉलर उलटून घ्यायला. कॉलर मानेशी घासून विरली की उसवायची, आतली बाजू वर घ्यायची आणि पुन्हा शिवायची. शर्टाला आणखी दोन वर्षं मिळतात. पण शर्ट पिशवीतच राहिले.

"अगंबाई, तुम्ही वाचता, मास्तर?"

साचा दाखवून खरं सांगता आलं असतं. पण बाईंचा चेहरा इतका उजळला होता की मास्तरांची जीभ परस्पर बोलून मोकळी झाली. "वेळ मिळेल तसं," ते म्हणाले.

या एका वाक्याची किंमत त्यांनी पुढं अकरा वर्षं मोजली.

उलटलेल्या कॉलर न्यायला वहिनी आल्या तेव्हा सोबत पुस्तक होतं. जाताना त्यांनी टेबलाखालच्या कात्रणांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "एक चिंधी घेऊ का?"

"घ्या की, वहिनी. ढीग तुमचाच." कशाला हवी, हे मास्तरांनी विचारलं नाही. पुढं दर वेळी हेच होत गेलं. पुस्तक यायचं, चिंधी जायची.

ते पहिलं पुस्तक मास्तरांनी खरंच वाचायला घेतलं होतं. चौथ्याच पानावर एक रुबाबदार गृहस्थ खोलीत शिरला आणि त्यानं 'आपल्या दुहेरी छातीच्या कोटाचं एकुलतं एक बटण' लावलं. मास्तर तिथंच अडले. दुहेरी छातीच्या कोटाला एकच बटण? मग दुसरी बाजू काय हवेवर राहणार? त्यांनी पान उलटून पाहिलं, कुठं खुलासा सापडतोय का. नाही. ज्याला कोट धड शिवता येत नाही त्याच्यावर पुढच्या तीनशे पानांचा भरवसा काय ठेवायचा? पुस्तक मिटलं ते मिटलंच.

मात्र ते मशीनच्या वरच्या फळीवर बसून राहिलं. शिवताना मान वर केली की ते दिसायचं. मास्तर पाठ फिरवून काज करायला बसले तर मानेला डोळे टोचायचे. आणि परत करावं तर विचारणार, कसं वाटलं.

शेवटी त्यांनी आपल्या धंद्यातला उपाय काढला. टेपनं पुस्तकाची जाडी मोजायची. दोन बोटांचं असेल तर वीस दिवस ठेवायचं, चार बोटांचं असेल तर दीड महिना. पहिलं आणि शेवटचं पान तेवढं पाहायचं. परत देताना म्हणायचं, "छान आहे." सारखं छान म्हटलं तर संशय येईल, म्हणून दर तिसऱ्या पुस्तकाला म्हणायचं, "ठीक आहे. मधे जरा लांबड लावलीय." हे दुसरं वाक्य वहिनींना फार आवडायचं. त्या गंभीर होऊन मान हलवायच्या.

"सांगून टाका ना त्यांना," मास्तरांची बायको म्हणायची. "पुस्तक आलं की परीक्षेला बसल्यासारखं तोंड करता."

"आता? तीन वर्षांनी?"

मग सहा वर्षांनी. मग नऊ. खऱ्याचंही कपड्यासारखंच असतं. वेळेवर घातलं नाही की अंगाला होईनासं होतं.

आणि एका थंडीत वहिनी गेल्या. आजारपण जेमतेम दीड महिन्याचं. मास्तरांना मनापासून वाईट वाटलं. त्याच वेळी, आता पुस्तकं नाहीत, असंही मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की दिवसभर ते बायकोशीही धड बोलले नाहीत.

विसाव्या दिवशी ड्रायव्हर दुकानात आले. निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं. हातात तीच पिशवी, आत दोन पुस्तकं.

"ही म्हणायची, मास्तरांना पुस्तकातलं कळतं. जरा वाचून सांगा, कशी आहेत ती."

नुकती बायको गेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे कुणी मास्तरांना शिकवलं नव्हतं. त्यांनी पुस्तकं घेतली. आठ महिने हे चाललं. ड्रायव्हर दोन आणायचे, दोन न्यायचे. मास्तर म्हणायचे छान, छान, ठीक. ड्रायव्हर चर्चा करत नसत. मान डोलावत आणि जात. बिचाऱ्यांना दुकानात यायला निमित्त हवं असेल, असं मास्तर धरून चालले.

मग एका शुक्रवारी ते रिकाम्या हातानं आले.

"रविवारी निघतोय, मास्तर. लेकीकडे. कायमचाच."

"बरं केलंत. एकटं किती दिवस राहणार?"

"खोली लहान आहे तिच्याकडची. म्हणाली, बाबा, आईच्या पुस्तकांचं एकच खोकं आणा. मी तर आयुष्यभर रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या. त्यातलं चांगलं कुठलं, मला काय ठाऊक? पण तुम्ही होता." ते समाधानानं हसले. "तुम्ही छान म्हणालात ती खोक्यात भरली. ठीक म्हणालात ती बाजूला बांधून ठेवलीत. उद्या सकाळी रद्दीवाला येतोय. फार सोपं करून दिलंत तुम्ही."

मास्तरांचा पाय पॅडलवर होता तसाच राहिला. सुई अर्ध्या बाहीत रुतलेली. छान, छान, ठीक. दर तिसरं. वहिनींची पुस्तकं त्यांनी बोटांवर मोजून रद्दीत काढली होती.

"मी येतो तुमच्याकडे," ते उठत म्हणाले. "आत्ताच येतो."

भर दुपारी दुकान बंद होण्याची त्या गल्लीत ही पहिलीच वेळ असावी.

ड्रायव्हरांच्या घरात भिंतींवर चौकटींचे फिकट डाग तेवढे उरले होते. एका कोपऱ्यात खोकं, दुसऱ्यात सुतळीनं बांधलेले तीन गठ्ठे. मास्तर सरळ गठ्ठ्यांपाशी बसले, सुतळी सोडली आणि वरचं पुस्तक उघडलं. पहिलं आणि शेवटचं सोडून मधलं पान त्यांनी आज प्रथमच उघडलं होतं.

आत चिंधी होती. बोटभर रुंद, निळी, कडा कात्रीनं नागमोडी केलेली. कात्री त्यांचीच. पुढं आणखी एक, पिवळ्या चौकड्यांची. मग हिरवी. मग पांढऱ्यावर बारीक ठिपके.

त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं, मग तिसरं. वहिनी खूण म्हणून चिंध्या ठेवायच्या. त्या तशाच होत्या, जागच्या जागी. हे मास्तरांच्या दुसऱ्या क्षणी ध्यानात आलं आणि कान तापले. यातली कितीतरी अकरा वर्षांत वहिनींच्या हातूनही त्यांच्याकडे येऊन परत गेली होती आणि एक चिंधी हलली नव्हती. माणूस वाचतो तेव्हा एखादी तरी घसरते, पडते, दुसऱ्या पानात जाते. वहिनींना कळलं असणारच. तरी त्या देत राहिल्या.

"ड्रायव्हरसाहेब," ते खाली बघत म्हणाले, "मी यातलं एकही वाचलेलं नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"तिच्याकडून नेलेली?"

"तीही नाही. छान काय, ठीक काय, सगळं तोंडाला येईल ते."

ड्रायव्हरांनी सुटलेली सुतळी उचलून बोटांभोवती गुंडाळली. "मी चार दिवसांनी घरी यायचो," ते म्हणाले, "तर आधी हेच सांगायची. मास्तरांना हे आवडलं, मास्तरांना ते लांबलेलं वाटलं. कौतुकानं सांगायची." आणि ते आत गेले. आत नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पाणीबिणी काही नव्हतं.

"तुम्ही जा, मास्तर."

मास्तर उठले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला तरी नाही म्हटलं. "नाही जात. मला पुस्तकातलं कळत नाही, पण कापडातलं कळतं. तेवढं तरी करू द्या."

त्यांनी चिंध्यांचं पुस्तक मांडीवर घेतलं. "ही निळी तुमच्या जुन्या वर्दीची. कंपनीनं पुढं रंग बदलला, म्हणजे ही दहा-अकरा वर्षांपूर्वीची. ही पिवळी लेकीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या फ्रॉकची. उंची दोनदा वाढवली होती मी. हिरवी या खिडकीच्या पडद्याची. हे ठिपके वहिनींच्याच ब्लाउजचे, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातले. हे पुस्तक त्यांनी चारदा तरी काढलंय, आणि दर वेळी नव्या ठिकाणी थांबल्यात. हे रद्दीत जाता कामा नये."

ड्रायव्हर हळूच समोर खाली बसले. त्यांनी पडद्याची चिंधी बोटांत धरली. "हा पडदा मी आणला होता," ते म्हणाले. "तिला रंग पसंत नव्हता."

संध्याकाळपर्यंत दोघांनी खोकं रिकामं केलं आणि पुन्हा भरलं. मास्तर चिंधी पाहून साल सांगत, ड्रायव्हर त्या सालात काय झालं ते सांगत. एकही चिंधी नसलेली बारा पुस्तकं 'छान' म्हणून खोक्यात बसली होती. ती बाहेर आली. राग गेला होता असं नाही. पण हाताला काम होतं, आणि कामात माणूस बोलतो.

शेवटी ड्रायव्हरांनी खिडकीतलं एक पुस्तक आणलं. "हे तुम्हाला दिलं नव्हतं. हे तिच्या उशाशी होतं."

त्यात एकच चिंधी होती. मऊ, राखाडी. आजारपणात वहिनींना अंगाला टोचू नये म्हणून मास्तरांनी सैल झगा शिवून दिला होता, त्याची. पान एकशे बारा. पुस्तक त्याच्या दुप्पट होतं.

"हे मी नेत नाही," ड्रायव्हर म्हणाले. "तिचं राहिलंय, ते तुम्ही पुरं करा. झालं की फोन करा. आणि या खेपेला खरं सांगा."

मास्तरांनी जाडी मोजली नाही. दुपारी गिऱ्हाईक नसताना दोन-दोन पानं, कधी एकच. वाचताना ओठ हलायचे. बायको डबा ठेवून गुपचूप निघून जायची. एकशे बारा पानांना दोन महिने लागले, आणि तिथवर त्यांना ते ठीकच वाटलं. चिंधीपाशी ते दोन दिवस थांबले. पुढं जायला त्यांना कसंसंच वाटत होतं.

पुढच्या पानावर एक बाई नवऱ्याचा जुना कोट उसवायला बसली होती, कापड उलटून पुन्हा शिवायला. शिवण कुठून सोडावी, अस्तर कसं निघतं, उलटल्यावर खिसा उजवीकडे कसा जातो, सगळं बरोबर. एक टाका चुकलेला नव्हता. मास्तरांनी त्या दिवशी चाळीस पानं वाचली आणि इस्त्रीखाली एक बाही जाळली. तिसऱ्या दिवशी पुस्तक संपलं तेव्हा ते चष्मा काढून बसून राहिले.

आता फोन करायचा होता. काय सांगायचं? वहिनी जिथं थांबल्या त्याच्या पुढच्याच पानावर पुस्तक खुललं होतं. हे ऐकून त्या माणसाला काय वाटेल? 'ठीक आहे, पुढं लांबड लावलीय' एवढं म्हटलं की झालं असतं. त्यांना वाटलं असतं, तिचं फार काही राहिलं नाही. शब्द तोंडात तयार होते, अकरा वर्षांच्या सरावाचे.

"झालं का वाचून?" पलीकडून ड्रायव्हरांनी विचारलं.

"झालं."

"कसं आहे?"

"छान आहे," मास्तर म्हणाले. हा शब्द एवढा जड त्यांना कधी लागला नव्हता. "आणि खरं सांगायचं तर वहिनींनी चिंधी ठेवलीय ना, तिच्या पुढंच जास्त छान आहे."

 पलीकडे मागं कुणीतरी भांडी लावत होतं, ते थांबलं. मास्तरांना वाटलं, फोन ठेवला त्यांनी.

"एकशे बारा ना?" ड्रायव्हर म्हणाले.

"एकशे बारा."

"मग पुढचं वाचा. मी ऐकतोय."

मास्तरांनी मशीनवरची अर्धी बाही बाजूला केली, चष्मा पुसला, राखाडी चिंधी उचलून खिशात ठेवली आणि वाचायला सुरुवात केली.